ओवाळणीतलं यान

कमळच्या दादाने भाऊबिजेला काय आणलंय, हे कळण्यासाठी ताटात डोकावून काही उपयोग नसे. त्या साली वळ गावच्या गोदामांतून कोणता भाडेकरू माल टाकून पळाला, याची चौकशी करावी लागे. चांगदेवदादाची तिथे दोन गोदामं होती. पूर्वी त्याच जागेवर भात पिकायचं, आता खोकी पिकत. भाडेकरू जाताना काही ना काही मागे ठेवून जायचे आणि ते बेवारशी खोकं दिसलं, की दादाला पहिली आठवण यायची ती कामतघरला दिलेल्या धाकट्या बहिणीची. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. आणि माळ्यावर भरपूर जागा लागते.

एका साली नेलपॉलिशच्या ऐंशी बाटल्या आल्या. ऐंशीही जांभळ्या. एका साली लहान मुलांचे टूथब्रश आले, बारा डझन. घरात लहान मूल नव्हतं. कमळने सगळं माळ्यावर नीट रचून ठेवलं होतं. ओवाळणी ती ओवाळणी. ती परत करत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत आणि तिच्याबद्दल तोंड वाकडं तर मुळीच करत नाहीत.

पण गेल्या साली ते बिस्किटांचं झालं. फॉरेनची बिस्किटं, चकचकीत डबा. भाऊबिजेच्या संध्याकाळी सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ली. जरा कडक होती, पण फॉरेनच्या लोकांचे दात चांगले असतात, असं म्हणून सोडून दिलं. तेवढ्यात कमळचे यजमान राघो यांनी चष्मा लावून डब्याची मागची बाजू वाचली. राघो शाळेत क्लार्क होते. छापलेलं काहीही मोठ्याने वाचायची त्यांना सवय.

"अहो, ही कुत्र्यांची आहेत."

सगळे हसले. ललितावहिनी सगळ्यात जास्त हसल्या, कारण त्यांनी एकही खाल्लं नव्हतं. एकटा दादा हसला नाही. त्याने हातातलं अर्धं बिस्किट बशीत ठेवलं आणि जेवायला न थांबता चपला घातल्या. दारात एवढंच म्हणाला, "कमळे, पुढल्या साली अशी वस्तू आनीन, का तू शोकेसमधी ठेवशील."

आई-बाप गेल्यापासून माहेर म्हणजे एक दादाच उरला होता. त्याचं ते चपला घालणं कमळला वर्षभर टोचत राहिलं.

तर दोन हजार आठच्या भाऊबिजेला दादा आला तो छाती काढूनच. हातात टीव्हीच्या अर्ध्या आकाराचा खोका. खोक्यावर काळ्याभोर आकाशात उडणारं एक रुपेरी अंतराळयान, खिडक्याखिडक्यांतून पिवळे दिवे, आणि खाली जपानी अक्षरं.

"शोपीस हाय," दादा म्हणाला. "जपानचं. लाईट लागतंय. पन आता खोलू नको, शांतपनी खोल. आमच्या प्रितेशच्या लग्नाची पयली पत्रिका घेऊन येईन ना तुला, तवा बघतो शोकेसमधी कसं दिसतंय."

हे म्हणताना तो कमळच्या डोळ्यांकडे न बघता पंख्याकडे बघत होता. पण ते तिच्या लक्षात आलं नाही. तिचं लक्ष वहिनींकडे होतं, आणि वहिनी खोक्याकडे अशा बघत होत्या, जणू आतून कुत्रं भुंकणार आहे.

दुसऱ्या दिवशी कमळने खोका उघडला. आत यान नव्हतं. आत पिशव्या होत्या, आणि पिशव्यांमध्ये राखाडी रंगाचे तुकडे. काही नखाएवढे, काही बोटभर जाडीचे, काही वाकलेले, सगळ्यांना कडेला नको तिथे फुटलेले कोंब. एकूण एकशे चौदा. कमळने तीनदा मोजले आणि पलंगावर बसली.

"मोडलंय," ती म्हणाली.

राघोंनी कागद उलगडला. "मोडलेलं नाही. जोडायचंय. हे रेझिनचे सुटे भाग आहेत. असं... असावं. पुढचं जपानीत आहे."

शेजारच्या रंगूबाई लिंबू मागायला आल्या होत्या, त्यांनी एक तुकडा उचलून वास घेतला. "सांडगे बिघडले काय गो तुझे?"

आता यावर सरळ उपाय होता, आणि तो राघोंनी लगेच सुचवला. खोका तसाच बंद करून, चित्र बाहेर करून शोकेसमध्ये ठेवावा. लांबून कोणाला कळतंय? रंगूबाईंचंही तेच मत पडलं, वर चित्राला मोत्याची माळ घालावी असं त्या म्हणाल्या. पण कमळच्या डोळ्यांपुढे दादा दिसला. तो येणार, बटण कुठंय विचारणार, मग खोका उघडणार आणि आतला चुरा बघणार. बहिणीला लागोपाठ दुसऱ्या साली आपण फसवी वस्तू दिली, हे त्याला सगळ्यांसमोर कळणार. आणि मग तो पुन्हा चपला घालणार.

"मी जोडते," कमळ म्हणाली.

"तुला येतं?"

"मला ब्लाऊज शिवायला तरी कोणी शिकवलं होतं?" हे खरं होतं. अख्ख्या कामतघरात कटोरी ब्लाऊज कमळसारखं कोणी शिवत नसे, आणि ती ते एक जुनं ब्लाऊज उसवून शिकली होती. एकशे चौदा तुकडे म्हणजे काय, कापलेलंच कापड. शिवायचं तेवढं बाकी.

कागदावर बावीस चित्रं होती. पहिल्या चार चित्रांच्या कडेला पांढरट अंगठे उमटलेले होते. कमळने नखाने खरवडून बघितलं. चुना. म्हणजे जपानातही लोक चुना लावून तंबाखू मळतात तर, असं तिला वाटलं आणि त्या परक्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली. चौथ्या चित्रापाशी तर अंगठ्यांची नुसती दाटी होती, आणि त्यापुढे कागद कोरा. एवढंच नाही, डाव्या पंखाचे दोन तुकडे आधीच एकमेकांना चिकटवलेले होते, तेही उलटे, आणि गोंद असा थापलेला की जणू कुडाची भिंत लिंपलीय.

"टापटिपीची माणसं म्हणे," कमळ वैतागून म्हणाली. "कारखान्यात कोणी बघत नाही वाटतं यांच्याकडे."

तो पंख सोडवण्यातच पहिला आठवडा गेला. शेवटी माळा उपयोगी पडला. नेलपॉलिशच्या खोक्यात तळाशी रिमूव्हरच्या सहा बाटल्या होत्या, त्यातली एक ओतल्यावर जपानी गोंद विरघळला. मग तिने कोंब घासले, ते पायाच्या वजरीने. बारीक कोपऱ्यांतली भुकटी झाडायला लहान मुलांचे टूथब्रश असे चालले, की ते त्यासाठीच बनवले असावेत. कमळला पहिल्यांदाच वाटलं, की दादाच्या ओवाळण्यांमागे काहीतरी लांब पल्ल्याचं धोरण आहे.

पाचव्या चित्रात वाफाळणारं भांडं होतं. राघोंच्या मते त्याचा अर्थ, इथे थांबून चहा घ्यावा. तसा तो तीन दिवस घेतला गेला. पण यानाचं नाक कारल्यासारखं वाकडं होतं ते वाकडंच राहिलं. चौथ्या दिवशी ते नाक चुकून शिजत्या वरणाच्या कुकराला टेकलं, मऊ पडलं, आणि भांड्याचा अर्थ कमळला लख्ख समजला. तिने सगळे वाकडे भाग इडलीच्या चाळणीत घालून वाफवले. नाक सरळ झालं. शेपटी मात्र अंमळ जास्त शिजली आणि पापडासारखी लोळली, तिला रात्रभर पोळपाटाखाली दाबून ठेवावं लागलं. सकाळी राघोंनी इडलीबद्दल विचारलं, तेव्हा चाळणी पुढचा महिनाभर मिळणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

गोंदाचं म्हणाल तर पांढऱ्या डिंकाला रेझिन दाद देईना, म्हणून झटपट चिकटणारा आणला. तो खरोखरच झटपट होता. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, तेव्हा कमळच्या उजव्या हाताला यानाचं इंजिन चिकटलेलं होतं. तिने डाव्या हाताने सही केली. गॅसवाला सहीकडे बघत नव्हता, इंजिनाकडे बघत होता. "लागलंय का ताई?" त्याने हळहळून विचारलं. "हो," कमळ म्हणाली. दोन्ही अर्थांनी ते खरंच होतं.

रंग खिडकीच्या गजांना लावतात तो रुपेरी. चित्रात पंखावर लाल पट्टा होता. कमळने तो जांभळा केला. एकोणऐंशी बाटल्या अजून आहेत.

राहिले दिवे. तांदळाच्या कणीएवढे अकरा बल्ब, केसासारख्या वायरी. इथे मात्र कमळने हात टेकले आणि समोरच्या गॅलरीतल्या इद्रीस मास्तरांना हाक मारली. इद्रीस मास्तर कापड विणायचे लूम दुरुस्त करायचे. तीस वर्षं त्यांनी खटखट सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते बोलतानाही मोठ्याने बोलत.

"भाभी, ये तो बच्चों का खेल है," ते गॅलरीतून गरजले. "शुक्रवार को छुट्टी है मेरी. कर देंगे!"

शुक्रवारी कमळच्या बाजूची लाईट गेलेली होती, इद्रीस मास्तरांच्या बाजूची होती. म्हणून वायरींना डाग द्यायच्या कैयाची वायर त्यांच्या खिडकीतून या गॅलरीत लोंबकळत आली. मास्तरांनी तीन तासांत अकराही बल्ब एकामागोमाग एक असे एकाच वायरीत ओवले, गजऱ्यात फुलं ओवावी तसे.

"चित्रात तर प्रत्येकाला वेगळी वायर आहे," राघो कागद धरून म्हणाले.

"अरे साहब, वो लोग लूम नहीं चलाते ना!" मास्तरांना राग नाही, कीव आली. "हमारे यहाँ कायदा क्या है? एक धागा टूटा, पूरा लूम खड़ा. तभी तो पता चलता है टूटा है! नहीं तो आधा थान खराब निकल जाए और किसी को खबर नहीं. ये भी वैसाच कर दिया. एक बत्ती गई तो सब बंद. भाभी, फिर घबराने का नहीं. जो टूटा है उतना ढूँढने का, बाकी सब ठीक रहता है."

यात एकच अडचण होती. जपान्यांनी तीन सेलांची डबी दिली होती आणि मास्तरांच्या गजऱ्याला तीन सेल पुरेनात. बल्ब नुसते डोळे उघडून मिटत. मास्तरांनी सेल वाढवत नेले, ते बारावर थांबले. बारा सेल यानाच्या पोटात मावणं शक्य नव्हतं. मग कमळने मसाल्याचा स्टीलचा डबा रिकामा केला, आतून अस्तराचं कापड शिवून बसवलं, त्यात सेल भरले आणि त्यावर यान बसवलं. बटण दाबलं. अकरा दिवे लागले.

रंगूबाईंनी हात जोडले. कमळने पदर तोंडाला लावला, तो रंगाच्या वासाने असं तिने नंतर सांगितलं.

"बार बार मत जलाना भाभी, सेल बैठ जाएगा," एवढं बजावून मास्तर गेले. कैयाची वायर मात्र तशीच लोंबत राहिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. संध्याकाळी दादा पत्रिका घेऊन येणार होता आणि सकाळी अकरा वाजता वीजचोरी शोधणारं पथक आलं. एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात गेलेली वायर त्यांना रस्त्यावरूनच दिसली. साहेब तरुण होते, नम्र होते आणि त्यांच्या हातात छापील फॉर्म होता.

"मॅडम, या वायरीवर काय चालतं?"

"अंतराळयान," कमळ म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

साहेबांनी फॉर्म बघितला. "घरगुती, दुकान आणि यंत्रमाग, असे तीनच रकाने आहेत. कशात घालू?"

"वाहनात घाला," राघो म्हणाले.

"वाहन असेल तर आमच्याकडे येत नाही."

शेवटी यान समोर आणलं गेलं. ते सेलवर चालतं, विजेवर नाही, हे पटवायला कमळने मसाल्याचा डबा उघडला. साहेबांना यानाच्या पोटातही बघायचं होतं. ते त्यांनी स्वतःच उघडून, वायर बाहेर ओढून, नीट बघून परत आत कोंबलं. मग पंचनामा झाला. पंच म्हणून रंगूबाईंना बसवलं. "एक रुपेरी, शेपटी असलेली, न उडणारी वस्तू," साहेबांनी लिहिलं.

'न उडणारी' हे कमळला लागलं. नेमकं तेवढंच लिहायची काय गरज होती?

"रंग बरा दिलाय, असंही लिहा," रंगूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते लिहून घेतल्याशिवाय सही केली नाही. साहेबांनी वायर काढायला लावली, हसून हात जोडले आणि गेले. त्यानंतर घर आवरणं, पुरणपोळ्या, यान शोकेसमध्ये चढवणं यात दिवस गेला. सेल बसतील म्हणून बटणाला कोणी हात लावला नाही.

संध्याकाळी दादा-वहिनी आले. दादाने चपला काढल्या आणि तो सरळ शोकेससमोर जाऊन उभा राहिला. किती वेळ उभा राहिला! मान इकडून वाकवून बघितलं, तिकडून वाकवून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य होतं, की कमळला जरा नवलच वाटलं. स्वतःच दिलेल्या वस्तूचं माणसाला एवढं काय आश्चर्य?

"खाली हे काय, मसाल्याचा डबा?" वहिनींनी विचारलं.

"स्टँड आहे. जपानी पद्धतीचा."

"असेल बाई. वन्सं, लावा ना लाईट. मी तर म्हटलं होतं, यांच्या वस्तू दिसायलाच..."

कमळने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. यान शोकेसमध्ये काळंठिक्कर बसून होतं. रंगूबाई दारातून आत सरकल्या. राघोंनी तोंड उघडलं, आणि कमळने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते मिटलं.

तिने दादाकडे बघितलं. तोच चेहरा. अर्धं बिस्किट बशीत ठेवतानाचा. त्याची नजर दाराकडे, चपलांकडे वळत होती.

"थांब, दादा," कमळ म्हणाली. "कुठं जायचं नाही. बस तिथं."

इद्रीस मास्तर ड्युटीवर होते. पण त्यांचं वाक्य तिच्या कानात गरजत होतं. घाबरायचं नाही, तुटलेलं तेवढं शोधायचं. तिने यान उतरवून चटईवर आडवं केलं, पोट उघडलं आणि अंबाड्यातली पिन काढली. शुक्रवारी मास्तरांना तिने हेच करताना बघितलं होतं. एकेका बल्बच्या दोन टोकांना पिन टेकवायची. जो तुटलाय त्याला टेकली, की बाकीचे पेटतात. नाकातला पहिला. नाही. दुसरा. नाही. सगळ्यांच्या माना यानात. तिसरा. पाचवा.

"तसं नको," दादा एकदम म्हणाला. तो कधी चटईवर येऊन बसला होता, कोणालाच कळलं नव्हतं. "डाव्या पंखाच्या बुडाशी बघ. तिथलं भोक अरुंद हाय गो. वायर दाबतेय तिथं. त्यो पंख लय खोडीचा, मी तर आख्खा उलटाच..."

तो थांबला.

कमळनेही हात थांबवला. पंखाच्या बुडाचं भोक आतल्या बाजूला होतं. बाहेरून दिसत नव्हतं. खोक्यावरच्या चित्रात नव्हतं. ते ज्याने पंख हातात घेऊन जोडला, त्यालाच माहीत असणार.

"दादा, तुला काय माहीत?"

"चित्रात दिसतंय की."

"कोणत्या चित्रात?"

"चौथ्या," दादा म्हणाला आणि पंख्याकडे बघायला लागला.

वहिनींना आता हसू आवरेना. पण हे हसू गेल्या सालचं नव्हतं. "सांगा की आता! वन्सं, दसऱ्यापासून पंधरा दिवस गोडाऊनच्या केबिनला आतून कडी. घरात पोराचं लग्न, मंडपवाला दारात, आन हे आत काय करतात म्हणून मी खिडकीतून बघितलं, तर टेबलावर हे तुकडे आन यांच्या मिशीला गोंद! मना म्हणाले, कमळीला तयार करून द्यायचाय. न्हाय जमलं, मग परत भरलं पिशव्यांत."

"तुला कळलं असतं ना, का परत फुटकंच आनलंय," दादा खाली बघत म्हणाला. "म्हटलं, तू खोका तसाच ठेवशील शोकेसमधी. चित्र बरं होतं."

कमळही एक महिना याच माणसापासून हेच लपवत होती. तिने डावा पंख त्याच्याकडे वळवला.

"धर."

दादाने आपल्या जाड, चुन्याने पांढऱ्या अंगठ्याने पंख दाबून धरला. तिने पिन टेकवली. दहा दिवे लागले. अकरावा, तुटलेला, तेवढा काळा राहिला, आणि तो कोणालाही दिसला नाही.

दादा बघतच राहिला. मग त्याने पंखावरच्या जांभळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. "ह्यो कलर... त्या सालचा काय गो?"

"त्या सालचाच. ब्रशही तुझेच, दादा."

"आन बिस्किटं?"

"ती रंगूबाईंच्या मोत्याने खाल्ली. गेल्या सालीच."

मग मात्र दादा हसला. असा हसला, की त्याला ठसका लागला आणि वहिनींना त्याच्या पाठीत थोपटावं लागलं. त्या रात्री तो जेवला. पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते सांगत नाही, दृष्ट लागेल.

पिन काढली की दिवे जातात, म्हणून ती पंखात तशीच ठेवून पोट बंद केलं. इद्रीस मास्तरांनी दुसऱ्या दिवशी येऊन ते बघितलं आणि कमळला लूमवर कामाला घ्यायची तयारी दाखवली.

जाताना दादाने प्रितेशच्या लग्नाची पहिली पत्रिका हळदकुंकू लावून बहिणीच्या हातात दिली होती. कमळने ती यानाला टेकवून शोकेसमध्ये ठेवली. पत्रिकेच्या कोपऱ्यात, गणपतीच्या बरोबर खाली, एक पांढरट अंगठा उमटलेला आहे. तो कसला, म्हणून कोणी विचारलं, की कमळ अगदी गंभीरपणे सांगते, जपानच्या कारखान्याचा शिक्का आहे.